द्रवणांकाला जात नसते

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसा उतरवला आहे.)



मला कवितेवर बोलायला बोलावलं होतं. गोदीत ओझी उचलणारा पोरगा कविता करतो म्हटलं की लोकांना बरं वाटतं. अंगाला घाम, खिशात कविता. टाळ्या वाजवायला सोपं जातं. पण आज मी कवितेवर बोलणार नाही. रसायनशास्त्रावर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. मी मॅट्रिक माणूस. माझा केमिस्ट्रीशी संबंध ड्रमापुरता. निळा ड्रम, त्यावर काळी कवटी, खाली इंग्रजीत वीतभर लांब नाव. मुकादम सांगतो, "गळतोय का बघ, पण हात लावू नको." हात न लावता ड्रम हलवायचा कसा, असं विचारलं तर शिवी मिळते.

तर त्या ड्रमात काय असतं, ते कोण बनवतं, आणि बनवणाऱ्यांत आपला माणूस का दिसत नाही, हा आजचा विषय.

आपल्यात कवी झाले. कथाकार झाले. आत्मकथा आल्या, नाटकं आली. साहित्याचं दार आपल्या माणसांनी लाथ मारून उघडलं. प्रयोगशाळेच्या दाराचं काय? तिथं आत गेलेले मोजके, आणि त्यांची कहाणी कुणी लिहीत नाही. आपल्या आधीच्या पिढीनं १९७२ साली याच मुंबईत अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं. त्यांचा संताप घेतला, त्यांची कविता वाचली. त्यांचे केमिस्ट घ्यायचे राहून गेले. त्यातला एक मी आज तुमच्यापुढं उभा करतो. तो आपल्या देशाचा नाही, पण जन्म बघून ज्यांना दाराबाहेर ठेवतात त्या जातीचा आहे. म्हणजे आपलाच.

नाव पर्सी ज्युलियन. जन्म अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमरी गावी, ११ एप्रिल १८९९. तारीख ऐकून माना वर झाल्या. होय, जोतिबांचीच तारीख. हा नुसता योगायोग आहे, त्यात चमत्कार शोधू नका. पण अकरा एप्रिलला जोतिबांच्या फोटोला हार घालताना याचीही आठवण काढायला हरकत नाही.

पर्सीचे आजोबा गुलामीत जन्मलेले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडलेली होती. का? लिहायला-वाचायला शिकले म्हणून. हे पर्सी स्वतः सांगायचा. आपल्याकडं अंगठा मागून घेतात आणि त्याला गुरुदक्षिणा म्हणतात. तिकडं निदान तेवढा ढोंगीपणा नव्हता.

बाप रेल्वेच्या टपालात कारकून, आई शिक्षिका. घरात पुस्तकं होती. पण मॉन्टगोमरीत काळ्या पोरांसाठी आठवीपुढं सरकारी हायस्कूलच नव्हतं. काळे मास्तर तयार करणारी एक शाळा होती, तिथं जेवढं विज्ञान मिळालं तेवढं घेऊन हा पोरगा १९१६ साली उत्तरेला, इंडियाना राज्यातल्या डिपॉ विद्यापीठात गेला. त्याच साली बाबासाहेब कोलंबियातून लंडनला गेले. स्टेशनावर पर्सीला निरोप द्यायला आजोबा आले होते. तीन बोटांचा हात हलवत उभे राहिले. नव्व्याण्णव वर्षांची पणजी आली होती, जिचा जन्म कापूस वेचण्यात गेला.

डिपॉत त्याला सांगितलं, तुझं शिक्षण कच्चं. म्हणून दिवसा कॉलेज आणि जोडीला हायस्कूलचे राहिलेले विषय, असं दोन्ही एकदम. राहायची खोली मिळेना, जेवायला कुणी घालेना. शेवटी गोऱ्या पोरांच्या एका वसतिगृहात काम मिळालं. भट्टीत कोळसा टाकायचा, पंगतीला वाढायचं आणि माळ्यावर झोपायचं. चार वर्षांनी, १९२० साली, हा भट्टीवाला त्या वर्गात पहिला आला.

आता ऐका. पहिला आलेल्या गोऱ्या पोराला पुढं डॉक्टरेटसाठी फेलोशिप मिळायची. याच्या मास्तरांनी मोठमोठ्या विद्यापीठांना पत्रं लिहिली. उत्तरं आली ती अशा अर्थाची: पोरगा हुशार असेल, पण त्याला नाउमेद करा. डॉक्टर होऊन करणार काय? कंपनी नोकरी देणार नाही, गोरं कॉलेज घेणार नाही. काळ्यांच्या कॉलेजात शिकवायला एवढं शिकावं लागत नाही.

ही युक्ती ओळखीची वाटते का? आधी नोकरीचं दार लावायचं. मग म्हणायचं, दार लागलेलंच आहे, शिकून काय करणार?

तो दोन वर्षं फिस्क नावाच्या काळ्यांच्या विद्यापीठात शिकवत राहिला. १९२२ साली हार्वर्डची फेलोशिप मिळाली. १९२३ साली मास्टर्स झाला. बाबासाहेबांना लंडनची डी.एस्सी. मिळाली तेही हेच साल. पण पीएच.डी. व्हायचं तर पोटासाठी शिकवायचं काम पाहिजे, आणि ते हार्वर्डनं त्याला दिलं नाही. कारण गोऱ्या पोरांना काळा मास्तर चालेल की नाही, ही चिंता. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. परदेशातली डिग्री घेऊन आलेला माणूस, पण शिपायाच्या लेखी महार. हार्वर्ड आणि बडोदा यांच्यात समुद्र आहे, बाकी फरक काढून दाखवा.

मग काळ्यांच्या कॉलेजांत पुन्हा मास्तरकी, वर्षांमागून वर्षं. १९२९ साली रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप मिळाली आणि तो ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला गेला. तिथं एर्न्स्ट श्पेट नावाचा प्रोफेसर होता, वनस्पतींमधल्या अल्कलॉइडांचा जाणकार. अल्कलॉइड म्हणजे झाडाच्या पोटातलं कडू औषध किंवा विष. मात्रेवर ठरतं औषध की विष. त्या भागात वसंतात कोरिडॅलिस नावाची छोटी झाडं येतात, त्यातल्या अल्कलॉइडांवर याचं काम. व्हिएन्नात तो कुठल्याही हॉटेलात जेवला, ऑपेरा बघितला, बर्फावर घसरला, दोस्तांच्या घरी राहिला. १९३१ साली डॉक्टर झाला. पहिल्या नकारापासून अकरा वर्षांनी.

पण म्हणून व्हिएन्ना म्हणजे स्वर्ग असं समजू नका. १९३८ साली हिटलरची फौज त्याच शहरात शिरली, आणि तिथल्याच लोकांनी ज्यू बायाबापड्यांना गुडघ्यावर बसवून रस्ते घासायला लावले. ज्यांनी काळ्याला खुर्ची दिली त्यांच्याच शहरात हे झालं. जातीला देश लागत नाही. तिला संधी लागते.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत परत आल्यावर हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात वाद झाले, १९३२ साली राजीनामा द्यावा लागला. जुन्या मास्तरांनी डिपॉत बोलावून घेतलं. नोकरी पक्की नाही, पण प्रयोगशाळा मिळाली. बरोबर व्हिएन्नाचा दोस्त योसेफ पिकल.

पश्चिम आफ्रिकेत, आज जो नायजेरिया आहे तिथल्या कालाबार भागात, एक वेल होते. तिची बी विषारी. पूर्वी आरोपीला ती बी खायला घालून न्याय करायचे. जगला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. त्या बीतल्या विषाचं नाव फायसोस्टिग्मिन. हेच विष थेंबभर डोळ्यात घातलं की काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरतो. प्रश्न असा होता की बी न वापरता, साध्या पदार्थांपासून पायरी पायरीनं हा रेणू माणसाला बांधता येईल का? याला म्हणतात संश्लेषण. आपल्या भाषेत सांगतो. तयार इमारत बघून नुसतं "ही विटांची आहे" म्हणणं वेगळं, आणि मोकळ्या जागेवर एक एक वीट रचून तशीच इमारत उभी करून दाखवणं वेगळं. उभी केलीत तरच तुम्हाला इमारत कळली.

याच कामावर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचा रॉबर्ट रॉबिन्सन होता. सर रॉबर्ट रॉबिन्सन नव्हे, तो पुढं झाला. १९४७ साली नोबेलही मिळालं. पण तेव्हाही त्याचा शब्द रसायनशास्त्रात शेवटचा. त्यानं एकामागून एक लेख छापले की आम्ही शेवटच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो. इकडं ज्युलियन आणि पिकल यांनी तोच टप्पा गाठला, आणि बघतात तर त्यांचा पदार्थ आणि रॉबिन्सनचा पदार्थ जुळेना. नाव एक, गुण वेगळे. दोघांतला एक चुकला होता.

गोदीतल्या हमालाची आणि मुकादमाची मोजणी जुळली नाही तर कोण चुकला म्हणतात, तुम्हाला माहीत आहे.

ज्युलियननं काय केलं? छापून टाकलं की ऑक्सफर्डचा पदार्थ तो नव्हे, खरा पदार्थ आमचा. नोकरी पक्की नाही, कातडी काळी, समोर ऑक्सफर्ड. चुकला असता तर संपला असता. एका माणसाच्या चुकीचा निकाल सगळ्या जमातीवर लागला असता, जसा आपल्यावर लागतो. गोरा चुकला तर रॉबिन्सन चुकला. काळा चुकला तर काळे चुकले.

मग निवाडा कुणी केला? द्रवणांकानं. शाळेत शिकलो ते आठवा. शुद्ध पदार्थ एका ठराविक तापमानाला वितळतो. आत भेसळ असेल तर आकडा घसरतो. म्हणून नळीत चिमूटभर पदार्थ घ्यायचा, शेजारी थर्मामीटर, हळूहळू तापवायचं आणि बघायचं. बीतून काढलेला पदार्थ आणि चंबूत बांधलेला पदार्थ एकाच आकड्याला वितळले. १९३५ साली लेख छापला गेला. ज्युलियन बरोबर, ऑक्सफर्ड चूक.

मित्रांनो, मला या द्रवणांकाचं वेड लागलंय. त्याला वशिला चालत नाही. त्याला आडनाव विचारता येत नाही. ऑक्सफर्डचा म्हणून तो दोन अंश वर सरकत नाही, काळ्याचा म्हणून खाली उतरत नाही. आपल्याला देवळात न्याय मिळाला नाही, पंचायतीत मिळाला नाही, कोर्टात मिळाला तर नातवाच्या वेळेला. आणि इथं काचेच्या केसाएवढ्या नळीत, डोळ्यांसमोर, न्याय!

पण थांबा. टाळ्या इथं वाजवू नका. नळीतला न्याय नळीतच राहिला.

हे सगळं झाल्यावर डिपॉच्या विश्वस्तांनी त्याला प्राध्यापक केलं नाही. ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीनं नोकरी देऊ केली ती पिकलला. ज्युलियनला म्हणाले, तुम्ही काळे आहात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पिकलला तो म्हणाला, तू जा, घे ती नोकरी. विस्कॉन्सिन राज्यात अ‍ॅपलटन गावच्या कागदाच्या संशोधन संस्थेला तो हवा होता. पण त्या गावचा कायदा असा की काळ्या माणसानं रात्री मुक्काम करायचा नाही. दिवसा संशोधन करा, सूर्य मावळला की वेशीबाहेर. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी हे अ‍ॅपलटनला शिकवलं की अ‍ॅपलटननं त्यांना, देव जाणे.

जे आपल्याला दिवसरात्र ऐकवतात की मेरिट दाखवा, मेरिट दाखवा, त्यांनी या १९३५ सालावर बोलावं. याहून मोठं मेरिट कुठलं? ऑक्सफर्डची चूक काढली! तरी नोकरी नाही. म्हणजे मेरिट हे दाराचं कुलूप कधीच नव्हतं. दार आतून धरून उभा असलेला माणूस हेच कुलूप. मेरिट ही त्यानं बाहेर लावलेली पाटी.

शेवटी १९३६ साली शिकागोत ग्लिडन या रंगाच्या कंपनीनं त्याला सोयाबीन विभागाच्या संशोधनाचा प्रमुख केला. कंपनीला दया आली म्हणून नव्हे. सोयाबीनमधून पैसा काढणारं डोकं पाहिजे होतं. त्यानं सोयाबीनमधलं प्रथिन शुद्ध करून काढलं, ते कागदाला आणि रंगाला वापरलं गेलं. त्याच सोयाप्रथिनापासून आग विझवणारा फेस बनला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलानं जहाजांवरच्या तेलाच्या आगी त्या फेसानं विझवल्या. खलाशी त्याला "बीन सूप" म्हणायचे.

गोदीवाला म्हणून मी इथं जरा थांबतो. १४ एप्रिल १९४४. भीमजयंतीचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. संध्याकाळी दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तो फेस असता तर जहाज वाचलं असतं असं मी म्हणत नाही. फेस तेलाच्या आगीसाठी, कापूस आणि दारूगोळ्यापुढं त्याचं काय चालणार? मी एवढंच म्हणतो, कापसावर दारूगोळा चढवा हे ठरवणारा माणूस हमाल नव्हता. पण उडाले त्यात हमाल होते. ड्रमात काय आहे हे ज्याला कळतं तो लांब बसतो. ज्याला कळू दिलं जात नाही त्याच्या खांद्यावर ड्रम असतो. म्हणून म्हणतो, रसायन कळणं ही आपल्यासाठी हौस नव्हे. जिवाची गोष्ट आहे.

पुढं चला. ग्लिडनच्या कारखान्यात एक दिवस सोयातेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं. तेल नासलं, तळाशी पांढरा गाळ. दुसऱ्यानं टाकी धुवायला सांगितली असती. ज्युलियनला आठवलं की कालाबार बीच्या तेलातही असेच पांढरे स्फटिक पडले होते. ते स्टिग्मास्टेरॉल. त्यापासून प्रोजेस्टेरॉन करता येतं, म्हणजे बाईच्या पोटात गर्भ टिकवणारं संप्रेरक. तोवर ते जनावरांच्या अवयवांतून मिलिग्रॅम मिलिग्रॅम काढत, किंमत राजेरजवाड्यांची. ज्युलियननं ते सोयाबीनपासून किलोच्या हिशोबात आणलं.

१९४९ साली कॉर्टिसोनची बातमी आली. संधिवातानं आखडलेली माणसं उठून चालू लागली. पण ते औषध बैलाच्या पित्तापासून तीसच्या वर पायऱ्यांनी बनायचं. ज्युलियननं सोयाबीनच्या वाटेनं "कंपाउंड एस" स्वस्तात बनवायची रीत काढली. हा पदार्थ हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा फक्त एका ऑक्सिजनच्या अणूनं कमी. तो ऑक्सिजन बुरशीकडून चढवून घ्यायची युक्ती १९५२ साली दुसऱ्या एका कंपनीनं काढली, आणि औषध गरिबाच्या आवाक्याकडं सरकलं. आमच्या गोदीत पन्नाशी गाठलेल्या हमालाचा गुडघा डॉक्टर दाबून बघतो आणि या जातकुळीतली गोळी किंवा सुई देतो. त्या गोळीत या माणसाचा घाम आहे, हे ना डॉक्टरला माहीत ना हमालाला.

आणि घामाचा मोबदला? पेटंटवर नाव ज्युलियनचं, हक्क कंपनीचा. हे आम्हा कामगारांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१९५० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं त्याला "शिकागोचा माणूस" म्हणून गौरवलं. त्याच साली त्यानं ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. आधी पाण्याचा अधिकारी नळ सोडेना, कोर्टाची धमकी दिल्यावर सोडला. पाणी! महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ का घेतली, हे ओक पार्कच्या नळाला विचारा. राहायला जायच्या आधी नोव्हेंबरात घराला आग लावली. १९५१ च्या जूनमध्ये डायनामाइट फेकलं. बाप आणि पोरगा बंदूक घेऊन रात्री अंगणातल्या झाडावर बसून राहिले. जगातला पहिल्या रांगेतला केमिस्ट, झाडावर, स्वतःच्या घराची राखण करत. घर सोडलं नाही. बायको अ‍ॅना हीही डॉक्टरेट झालेली, १९३७ साली समाजशास्त्रात. ती घट्ट उभी राहिली म्हणून घर उभं राहिलं. पण बाईचं नाव कहाणीत शेवटीच येतं. आपल्या सभांतही तसंच होतं. इथल्या बहिणींनी हे मनात ठेवलं तर चूक नाही.

१९५३ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली. काळे आणि बाया यांना केमिस्ट म्हणून घेतलं, ज्यांना दुसरं कुणी घेत नव्हतं. १९६१ साली ती तेवीस लाख डॉलरला विकली. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेला. तिथं निवडला गेलेला तो दुसराच काळा माणूस, आणि पहिला काळा केमिस्ट. १९ एप्रिल १९७५ रोजी वारला.

आता तो शेवटी काय म्हणाला ते ऐका. मागं वळून बघताना त्यानं पेटंटं मोजली नाहीत, डॉलर मोजले नाहीत. म्हणाला की माझ्या देशानं माझे काही मोठे अनुभव लुटून नेले. जिथं नोकरी मिळाली तिथं घेतली आणि तिचं सोनं करायचा प्रयत्न केला. मी बरा केमिस्ट झालो असेन, पण ज्याचं स्वप्न बघितलं तो केमिस्ट झालो नाही.

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. सत्कारवाले म्हणतात, बघा, जिद्द असली की माणूस कुठल्या कुठं जातो. पण ज्याची कहाणी आहे तोच म्हणतो, मी पोचलो नाही! १९२० ते १९३१, अकरा वर्षं दारात उभी. ऐन उमेदीची. डिपॉत प्राध्यापकी मिळाली असती तर त्या चंबूतून आणखी काय निघालं असतं? नुकसान एकट्या काळ्यांचं झालं नाही, जगाचं झालं. ही बेरीज कुठल्याही मेरिटवाल्याच्या वहीत नाही.

आता आपल्याकडं या. आपल्या लोकांना रसायन कळत नव्हतं का? आपले ढोर बांधव कातडं चुन्याच्या हौदात टाकत, केस सुटले की बाभळीच्या सालीच्या, हिरड्याच्या पाण्यात मुरवत. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं, मग कातडं कुजत नाही. ही केमिस्ट्री नाही तर काय? चंबूत केलं तर संशोधन, हौदात केलं तर विटाळ.

आणि गटारात उतरणारा आपला भाऊ? शाळेच्या प्रयोगशाळेत कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू दाखवतात, हायड्रोजन सल्फाइड. गटारात तोच असतो. तो वाढला की आधी नाकच मारतो, वास येईनासा होतो. भाऊ समजतो गॅस गेला. गॅस गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. पुढच्या काही श्वासांत माणूस. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला, तरी माणूस उतरतोच आहे. हे रसायन आपण फुप्फुसांनी शिकलो. ही पीएच.डी. आपल्याला बिनफेलोशिपची देतात.

आणि जे दारातून आत गेले त्यांचं? १७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक रोहित वेमुला. विज्ञानावर लिहायचं त्याचं स्वप्न होतं. शेवटच्या चिठ्ठीत सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोब होता. स्वप्न केवढं, आणि हिशोब कशाचा!

आमच्या वस्तीत एक पोरगी आहे. नाव सांगत नाही, संस्थाही सांगत नाही, कारण तिला अजून तिथं दिवस काढायचेत. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला लागली. आई चार घरची धुणीभांडी करते. फेलोशिप महिनोन् महिने येत नाही. प्रयोगशाळेत सॉल्व्हंट कमी पडलं की पहिली काटछाट तिची. वर ऐकायचं, तुम्हाला काय, तुमचा कोटा आहे. परवा मला म्हणाली, "दादा, सोडून देते आणि कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागते." मी तिला ज्युलियनची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "दादा, गोष्ट चांगलीये. पण त्याला माळ्यावर झोपायला जागा तरी होती. मला रात्री लिहायला टेबल नाही."

तिचं खरं आहे. नुसत्या गोष्टीनं टेबल मिळत नाही.

एका मित्रानं मघाशी चिठ्ठी पाठवली: ज्युलियन शेवटी शेठच झाला, त्याचं कौतुक आपण का करायचं? बरोबर प्रश्न. मी त्याच्या डॉलरचं कौतुक करत नाही. माझ्या लेखी त्याची उंची १९३५ सालच्या त्या लेखात आहे, कंपनी विकल्याच्या चेकात नाही. पण एवढंही लक्षात घ्या, दुसऱ्याच्या दारात उभं राहून थकलेला माणूस स्वतःचं दार बांधतो आणि त्यातून आपल्या माणसांना आत घेतो. आपण कधी बांधलं?

दुसरी चिठ्ठी: विज्ञान हे भांडवलदाराच्या हातातलं हत्यार आहे. आहेच. पण हत्यार म्हणून सोडून द्यायचं? गोदीत हूकही मालकाच्या कामासाठीच असतो. तो हातात धरायला शिकलो म्हणून आम्हाला त्याचं वजन कळतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. प्रयोगशाळेच्या आत जो न्याय आहे तो खरा आहे, त्याचा अभिमान धरा, तो ब्राह्मणाचा नाही आणि गोऱ्याचा नाही. पण तो न्याय आपोआप दाराबाहेर येत नाही. तो बाहेर ओढून आणायला मोर्चा लागतो, युनियन लागते, वसतिगृह लागतं, टेबल लागतं. आपण पुतळ्याला वर्गणी काढतो, मिरवणुकीला काढतो. एका पोरीच्या पाच वर्षांच्या प्रयोगाला काढून बघू.

आपल्या वाचनालयाची मागची खोली रात्री नऊनंतर रिकामी असते. तिथं टेबल आणि दिवा ठेवायचा ठराव मी मांडतो. फेलोशिप थकलेल्या प्रत्येक आपल्या पोरापोरीची यादी करायची, आणि ती यादी घेऊन आपण, ज्यांना केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही, त्या कचेरीच्या दारात जाऊन बसायचं. आत त्यांनी प्रयोग करावा, दाराचं आम्ही बघू. गोदीची माणसं आहोत, जड वस्तू हलवायची सवय आहे.

आता डबा फिरेल. नाणी नकोत, नोटा टाका.

जय भीम.